बर्म्युडातल्या खाजगी बीच क्लबला सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय, माहितगारांनी सांगा

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे सांगलीहून आलेत आणि जूनच्या शेवटी आम्ही सगळे बर्म्युडाला जातोय. आम्ही दोघं, ते दोघं आणि आमची सात वर्षांची लेक. नवऱ्याचे जुने साहेब आता तिकडे राजधानीत, हॅमिल्टनला, रीइन्शुरन्समध्ये (विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या धंद्यात) आहेत. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खाजगी बीच क्लबचे ते मेंबर आहेत आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना एक पूर्ण दिवस तिथे बोलावलंय. अगदी मनापासून बोलावलंय, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पण अशा क्लबात आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नाही.

कपड्यांचे नियम कडक असतात का? सासरे कायम साधी पँट आणि बुशशर्ट घालतात, सासूबाई पंजाबी ड्रेस. पैसे कुणी द्यायचे, टिप ठेवायची का? सासरे शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. आमचं जाणं गुरुवारी आहे आणि त्यांचा गुरुवारचा उपास असतो, तर तिथे काय मिळेल?

आणि जे खरं मनात आहे ते असं, की सासूबाई लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकल्या. लग्नानंतर पाण्यात उतरल्याच नाहीत. समुद्राचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच म्हणाल्या, "या वयात तसला पोशाख घालून चारचौघांत? मी आपली काठावर बसेन." मला त्यांना पाण्यात न्यायचंय. कसं जमवू?

लाटांवर:

आम्ही क्रूझने गेलो होतो, त्यामुळे क्लबच्या आतलं सांगता येणार नाही. जहाज पश्चिम टोकाला डॉकयार्डला लागतं, तिथून ७ नंबरच्या बसने हॉर्सशू बेला गेलो. किनारा देखणा आहे, पण एकाच दिवशी दोन जहाजं लागली की पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला निवांत जागा मिळतेय तर जरूर जा.

बसचं एक लक्षात ठेवा. स्टॉपचा खांब गुलाबी असेल तर बस हॅमिल्टनकडे जाणारी, निळा असेल तर हॅमिल्टनहून बाहेर जाणारी. पाहुण्यांना नेहमीच्या मोटारी भाड्याने मिळत नाहीत, फक्त स्कूटर आणि छोट्या इलेक्ट्रिक गाड्या. ज्येष्ठ बरोबर असताना स्कूटरच्या फंदात पडू नका. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत.

सुरूबन:

मी बर्म्युडात बरीच वर्षं काढली. नवरा ॲक्चुअरी, मी तिथल्या शाळेत शिकवायचे. आता पुण्यात असते, पण विषय निघाला की राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं आपोआप जमतं. सासूबाईंना काठावर बसू देऊ नका. जी बाई विहिरीत पोहलीय तिला तो समुद्र नुसता लांबून दाखवायचा, हे मला पटत नाही. अडचण फक्त कपड्यांची आहे आणि ती सुटते. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टॉप मिळतो, रॅश गार्ड म्हणतात. त्याच कापडाची घोट्यापर्यंतची लेगिंग मिळते, आणि वरून गुडघ्यापर्यंत येणारा स्विम ट्यूनिकही. गडद निळा किंवा काळा घ्या, ओला झाला तरी अंगाला चिकटून काही दिसत नाही. तिथे ऊन इतकं कडक असतं की गोरी माणसंसुद्धा असेच अंगभर टॉप घालून पोहतात आणि मुलं तर सर्रास. कुणी वळूनही बघणार नाही. सुती पंजाबी ड्रेस घालून मात्र पाण्यात जाऊ देऊ नका. सलवार पाणी पिते, जड होते, लाटेत पायांना गुंडाळते. ओढणीचं तर नावच नको.

कपडे न्यू जर्सीतच घ्या आणि घरी एकदा घालून बघायला सांगा. पहिल्यांदा आरशात बघणं घरी झालं की क्लबात अर्धा संकोच उरतो. वरून घालायला एक सुती कुर्ता ठेवा. खुर्चीपासून पाण्यापर्यंत कुर्ता, पाण्याच्या कडेला तो तुमच्या हातात, बाहेर आल्या की परत अंगावर.

माझी आई आली होती तेव्हा मी हेच केलं. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, नदीत वाढलेली. कमरेइतक्या पाण्यात माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. लाट आली की पाय वाळूत रोवायची आणि लाट तिला मागे लोटायची. मी म्हटलं, आई, पाय रोवू नकोस, लाटेबरोबर थोडी वर उचलली जा. दोन-चार लाटा तशा घेतल्यावर तिने माझा हात सोडला आणि पाठीवर पडली. कान पाण्यात, डोळे मिटलेले, पायाची बोटं वर. खाऱ्या पाण्यात नदीपेक्षा सहज तरंगता येतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. "अगं, पाणीच धरतंय मला," म्हणाली. पुढे दुपारचं जेवण होईपर्यंत ती बाहेर यायला तयार नव्हती.

पण आधी सराव करा. क्लबच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर त्यांना वॉरविक लाँग बेच्या शेजारच्या जॉब्सन्स कोव्हला न्या. खडकांनी जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेलं छोटंसं पाणी आहे, लाट आत येता येताच मरते. जहाजांवरचे लोक पोचायच्या आत गेलात तर तुमच्याशिवाय फारसं कुणी नसेल. हॉर्सशू बेच्या पश्चिमेला खडकांच्या आड मुलांसाठी उथळ बेबी बीच आहे, लेकीला तिथे सोडता येईल. जूनच्या शेवटी पाणी साधारण २५-२६ अंश असतं, अंग काकडत नाही. भरती-ओहोटीत फरकही फार नसतो, मीटरभर. आपल्या कोकणात ओहोटीला समुद्र लांब जातो तसं तिथे होत नाही.

दक्षिण किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून जोरात असेल तर लाटा उंच येतात आणि मागे ओढणारा प्रवाह तयार होतो. त्या दिवशी हट्ट करू नका. क्लबात सगळीकडे जीवरक्षक असतोच असं नाही, आधी विचारून घ्या. आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे लेकीलाही सांगून ठेवा.

आता क्लबचं. दारावर तुमच्या साहेबांनी तुमची नावं दिलेली असणार. आत गेल्यावर त्यांच्या नावानेच सगळं चालतं. सरबत मागा, जेवण मागा, टॉवेल घ्या, मेंबर कागदावर सही करतो आणि महिन्याचं बिल त्याच्याकडे जातं. पाहुण्याकडून रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, म्हणून पाकीट काढून साहेबांना अवघडवू नका. टिपचंही तसंच, बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. बाहेरच्या हॉटेलांतही बिलात बहुधा १७ टक्के लागूनच येतात, तेवढं बघून मग वर ठेवा. परतफेड करायची तर एका संध्याकाळी साहेबांना सहकुटुंब हॅमिल्टनमध्ये जेवायला न्या. जाताना बाकरवडी, चिवडा असं बंद पाकिटातलं घेऊन जा. ताजी फळं, रोपं, बिया मात्र नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

कपड्यांत सासऱ्यांना काहीच अडचण नाही. पँट आणि कॉलरचा शर्ट म्हणजे व्यवस्थित पोशाख झाला. पोहायचे ओले कपडे घालून जेवायच्या जागी जायचं नाही, अनवाणी जायचं नाही, एवढं पाळा. संध्याकाळी थांबणार असाल तर तुमच्या नवऱ्याने कोट लागतो का ते साहेबांना आधी विचारावं. तिथे गुडघ्यापर्यंतची चड्डी, लांब मोजे आणि कोट हा बँकेत जायचा पोशाख आहे. सासऱ्यांना पहिल्या दिवशी नवल वाटेल, तेव्हा आधी सांगून ठेवा, नाहीतर टक लावून बघतील. टेनिस खेळणार असाल तर कोर्टावर पांढरेच कपडे लागतात. फोनवर मोठ्याने बोलणं बहुतेक क्लबांत चालत नाही, आणि सांगलीच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल करायचा मोह तर होणारच. तो वाळूवर जाऊन करा. फोटो काढताना दुसऱ्या मेंबरांचे चेहरे येऊ देऊ नका.

याहून महत्त्वाचा नियम कुठे लिहिलेला नसतो. बर्म्युडात कुणालाही काहीही विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणायचं. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, दारावरच्या रखवालदाराला, टॉवेल देणाऱ्या मुलाला. थेट "टॉयलेट कुठे आहे" म्हटलंत तर ते उर्मटपणाचं समजतात. जॉनी बार्न्स नावाचे एक गृहस्थ क्रो लेनच्या चौकात वर्षानुवर्षं रोज पहाटेपासून उभे राहून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला हात हलवायचे, "आय लव्ह यू" म्हणायचे. २०१६ साली ते गेले, पण त्यांचा पुतळा ते हयात असतानाच तिथे उभा राहिला होता. विमानतळावरून हॅमिल्टनला येताना दिसेल, टॅक्सीवाल्याला दाखवायला सांगा.

आणखी एक सांगते, कारण मला ते महत्त्वाचं वाटतं. त्या बेटावर "खाजगी" या गोष्टीमागे मोठा इतिहास आहे. पूर्वेकडे टकर्स टाऊन म्हणून भाग आहे, आज तिथे श्रीमंतांची घरं, क्लब आणि गोल्फची मैदानं आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय शेतकरी आणि मच्छीमारांची वस्ती होती, त्यांची शाळा होती, चर्च होतं. १९२० साली बर्म्युडाच्या संसदेने कायदा केला आणि फर्नेस विदी या जहाज कंपनीच्या पर्यटन योजनेसाठी त्या जमिनी सक्तीने घेतल्या गेल्या. शेवटपर्यंत घर न सोडणाऱ्या एका बाईला जबरदस्तीने बाहेर काढलं. त्या लोकांची जुनी दफनभूमी अजून गोल्फच्या हिरवळीलगत आहे. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं, त्यामुळे टॅक्सीवाल्या काकांनी ही हकिगत सांगितली तेव्हा मी पुढचा बराच रस्ता गप्प होते. पुढे १९५९च्या जूनमध्ये तरुण कृष्णवर्णीयांनी सिनेमागृहांवर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे सिनेमागृहं आणि हॉटेलं सगळ्यांना खुली झाली. क्लब तर त्यानंतरही कितीतरी काळ त्यांना बंदच राहिले. तुमच्या साहेबांच्या निमंत्रणाला याने काही उणेपणा येत नाही, आनंदाने जा. पण तिथे वाढणारी, झाडलोट करणारी माणसं बहुतेक याच बेटावरची असतात, कुणाच्या तरी आजोबांनी हे सगळं सोसलेलं असतं. त्यांच्याशी नावानिशी, मान देऊन बोला. सासूबाई-सासऱ्यांच्या वयाची माणसं बर्म्युडात फार आदराने वागवली जातात, तोच आदर आपणही द्यावा.

जेवणाचं. बेटावर भाजी फारशी पिकत नाही, बरंचसं बाहेरून येतं, म्हणून शाकाहारी पदार्थ थोडे आणि महाग. प्रसिद्ध पदार्थ म्हणजे मनुका घातलेल्या पावातलं माशाचं सँडविच आणि रम घातलेलं माशाचं सूप, दोन्ही सासऱ्यांच्या कामाचे नाहीत. साहेबांना आजच कळवा की एकजण पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडंही खात नाहीत. क्लबचं स्वयंपाकघर आधी सांगितलं तर नीट करून देतं, ऐनवेळी मात्र पोरांचे फ्राइज आणि सॅलड एवढंच हाती लागतं. उपासाला फळांची थाळी, उकडलेला बटाटा, दूध, दही सहज मिळेल. राजगिऱ्याचे लाडू घरून न्या. जिंजर बिअर मागवली तर घाबरू नका, त्यात दारू नसते. उन्हातून आल्यावर आल्याचा तो झणझणीतपणा सासऱ्यांना आवडेल. रम स्विझल मात्र सरबतासारखं दिसतं आणि असतं कडक, तो ग्लास त्यांच्या पुढ्यात येऊ देऊ नका.

हिशेबी:

सुरूबनताईंनी सगळंच सांगितलं. मी फक्त कागदपत्रांचं सांगतो, कारण आमच्या मित्राचं इथेच अडलं होतं.

भारतीय पासपोर्टवर बर्म्युडाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनचा मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो आणि तो तुम्ही बर्म्युडा सोडल्यानंतर किमान ४५ दिवस चालणारा हवा. आई-बाबांच्या व्हिसावरची तारीख आजच बघा. तुम्ही दोघं एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का चालू आहे ना, तेही बघा. शिक्का संपला असताना कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येण्याची सवलत आहे, ती एच-वन-बीवाल्यांना बर्म्युडासाठी नाही. निघण्याआधी दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवर नियम एकदा वाचून घ्या.

परतताना अमेरिकेचं इमिग्रेशन बर्म्युडाच्या विमानतळावरच होतं. त्यामुळे न्यू जर्सीत उतरल्यावर सुटसुटीत, पण तिकडे लवकर पोचावं लागतं. बर्म्युडाचा डॉलर आणि अमेरिकी डॉलर बरोबरीत चालतात, नोटा बदलायची गरज नाही. घड्याळ मात्र न्यू यॉर्कपेक्षा एक तास पुढे करा. साहेब अकराला बोलावतील ते तिथल्या अकराला.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाच्या तारखा बघितल्या, ठीक आहेत. सुरूबनताई, तुमच्या आईचं वाचून दाखवलं तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवताना विचारलं, "तो टॉप कुठे मिळतो गं?" शनिवारी दुकानात जातोय.

आता सासऱ्यांनी कुठूनतरी वाचलंय की तिथे निळ्या विषारी जेलीफिश असतात. खरं का? आणि ती गुलाबी वाळू खरंच गुलाबी असते की फोटोतच? लेकीला बरणीभर आणायचीय.

सुरूबन:

किती छान! टॉप एक माप मोठा घ्या, म्हणजे ओला असताना काढायला त्रास होत नाही.

जेलीफिशचं खरं आहे. पोर्तुगीज मॅन ओ' वॉर म्हणतात. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल येतात, त्यांचेच भाऊबंद. निळसर-जांभळा फुगा पाण्यावर तरंगतो, त्याखाली लांबच लांब दोरे असतात आणि दंश दोऱ्यांचा होतो. बराच वेळ दक्षिणेचा वारा असला की किनाऱ्याला लागतात. उपाय सोपा आहे. पाण्यात जाण्याआधी ओल्या वाळूच्या रेषेवरून थोडं चाला. निळे फुगे पडलेले दिसले तर त्या दिवशी पूलमध्ये पोहा. वाळूत मेल्यासारखा पडलेला फुगाही लेकीला हातात घेऊ देऊ नका, तो तसाही डसतो. लागलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरा चिमट्याने काढायचा आणि लगेच क्लबच्या माणसाला बोलवायचं. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट हॉस्पिटल. अंगभर लेगिंग आणि टॉपचा इथेही फायदा होतो, सासऱ्यांना हे आवर्जून सांगा.

वाळू लांबून फिकट गुलाबी दिसते. जवळ जाऊन ओंजळीत घेतलीत तर पांढऱ्या शिंपल्यांच्या चुऱ्यात लाल कण दिसतील, कुंकवाच्या चिमटीएवढे. प्रवाळाच्या खालच्या बाजूला चिकटून राहणारा एक इवलासा जीव आहे, फोरामिनिफेरा गटातला, त्याची लाल कवचं फुटून वाळूत मिसळतात. लाट जिथे येऊन थांबते तिथल्या ओल्या वाळूत ते जास्त असतात. लेकीसाठी भिंग न्या, अर्धा तास तिथून हलणार नाही. बरणी मात्र भरू नका. ती वाळू तयार व्हायला फार काळ लागतो आणि प्रत्येकाने बरणीभर नेली तर किनाऱ्यावर काय राहील? तिला फोटो काढून द्या.

लेकीला वर बघायलाही सांगा. क्लबच्या मागच्या कड्यांच्या कपारींत लाँगटेल घरटी करतात, पांढरा पक्षी, शेपटीला दोन लांब पिसं. जूनमध्ये पिलं असतात, त्यामुळे आई-बाप सतत समुद्रावरून ये-जा करताना दिसतील. किनाऱ्यालगत बऱ्याच ठिकाणी सुरूची झाडंही आहेत. १९४०च्या दशकात कीड पडून बेटावरचे बहुतेक देवदार मेले, तेव्हा वारा अडवायला सुरू लावले. सासूबाईंनी कधी दिवेआगर किंवा मुरुडचा किनारा बघितला असेल तर त्या सावलीत त्यांना परकं वाटणार नाही.

राहायच्या जागी अंघोळ आटोपशीर करायला सांगा. बेटावर नद्या नाहीत. पायऱ्या-पायऱ्यांच्या पांढऱ्या छपरांवर पडलेला पाऊस घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच पाणी वर्षभर वापरतात. मीठ धुवायला क्लबात पाण्याजवळ छोटा शॉवर असतो, तिथेच पाय धुऊन घ्या.

टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि मोठी मागा, पाच जण सामानासह छोट्या गाडीत बसत नाहीत. निळा झेंडा लावलेली मिळाली तर उत्तम, त्या चालकांनी गाईडची परीक्षा दिलेली असते. परतीची वेळही त्यालाच सांगा, कारण संध्याकाळी क्लबच्या दारात टॅक्सी उभी नसते. सासूबाई पाण्यातून लवकर निघणार नाहीत हे धरून थोडी उशिराचीच वेळ द्या.